कणसरी, साडेसात ते आठ

जव्हारकडच्या एका रिसॉर्टच्या दारात 'जबाबदार पर्यटन' असा फलक आहे. जबाबदारी कुणाची, ते बहुधा फलकावर मावलं नाही. कार्यक्रम असा: सातला तारपा नाच, साडेसात ते आठ कणसरीची कथा, मग डीजे.

कणसरी ही वारल्यांची धान्यदेवी. घांगळीच्या सुरावर भगत तिची कथा रात्र रात्र गातो. व्यवस्थापकांनी त्याला समजावलं, 'बाबा, फक्त हायलाइट्स.' बाबांनी उरकलं, टाळ्या पडल्या, आणि धान्यदेवीला वंदन करून आलेल्या मंडळींनी बुफेतला निम्मा भात ताटातच टाकून दिला.

वारल्यांच्या लग्नात भिंतीवरचा लग्नचौक सवाशिणींनी काढायचा, लग्न लावणाऱ्या धवलेरीने गाऊन देवतांना बोलवायचं, अशी रीत. इथे त्या चौकातली पालघट देवी न्हाणीघराच्या टाइल्सवर, शॉवरखाली उभी. बिनबोलावता! वारली चित्रांना २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं खरं. टाइल्स मात्र मोरबीच्या.

कुंपणाजवळ शेंदूर लावलेला वाघोबा आहे. एका पाहुण्याने विचारलं, 'इथे खरंच वाघ येतो?'

'आवाज थांबला की येतो,' भगत म्हणाला.

डीजेने लगेच आवाज वाढवला.