फुटक्या भांड्याची निळाई

“काय गं पोरी, रात्रीची सेकंड शिफ्ट केलीस अन् पहाटे परत पळालीस? घरात भांडण-बिंडण?”

“नाही ओ काकू! रिॲक्टरच्या आतला काचेचा लेप तडकला. मालाला लोखंड लागलं. पांढरी पावडर पिवळी आली, म्हणून माल तपासणाऱ्या आमच्या क्यूसीनं बॅच अडवली.”

“मग दिली टाकून?”

“छे! चिंचोळी एमआयडीसी आहे ती. आधी चौकशी, मग कागद, मग परत कागद. पण काकू, तुमच्या भिंतीजवळचं हे निळं पिंप आहे ना, त्याचा रंग असल्याच फुटक्या भांड्यातून आलाय.”

“काय सांगतीस!”

“१९२८ साली स्कॉटलंडात, ग्रेंजमाउथच्या रंगाच्या कारखान्यात. माल पांढरा करायचा होता. भांड्याचा लेप तडकला, आतलं लोखंड लागलं अन् मालात निळं काहीतरी दिसलं. घासून टाकायचं सोडून त्यांनी ते तपासलं. पुढं लोखंडाच्या जागी तांबं बसवलं, तो निळा आज शाईत, ऑइलपेंटात, प्लॅस्टिकात आहे. उन्हानं उडत नाही.”

“खरं हाय. पिंप चिरलं, पण रंग तसाच. तुझे काका शहराच्या पूर्व भागात सूत रंगवायचे, बोटं कायम निळी. ती नीळ तरी सरळ मार्गानं आली का?”

“तीही फुटक्यातूनच! जर्मनीत नीळ बनवायला डांबरगोळीचं नॅफ्थलीन सल्फ्युरिक ॲसिडात तापवत होते. थर्मामीटर फुटला, पारा आत सांडला अन् रडतखडत चालणारं काम पळायला लागलं. १८९७ ला कारखान्यातली स्वस्त नीळ बाजारात आली.”

“मग झाडाची?”

“तिला गिऱ्हाईक राहिना. बिहारातल्या गोऱ्या मळेवाल्यांनी तोटा कुळांच्या अंगावर ढकलला, नीळ पिकवायच्या सक्तीतून सोडवायचे म्हणून वर पैसे उकळले. १९१७ ला गांधीजी चंपारणला गेले, ते या कुळांसाठीच.”

“अगं बाई! थर्मामीटर फुटला जर्मनीत अन् गांधीबाबांना जावं लागलं बिहारात! मग तुमच्या पिवळ्या पावडरीतनं काय निघंल?”

“बहुतेक मेमो! बस आली बघा, येते.”

“ये. पण बाटलीभर ठिव बाजूला. काय सांगावं?”