बहात्तर तारांची मिजास

आमच्या गावच्या हर्सूल टी-पॉइंटवर जग्वार ई-टाइप येऊन थांबेल, असा योग पत्रिकेतच शोधावा लागेल. तरीही माझं म्हणणं असं, की 1961 साली अवतरलेल्या त्या विलायती गाडीच्या चाकाचं दुखणं ओळखायला विलायतेला जायचं कारण नाही. कुठलाही मुरलेला सायकलवाला पुरे. आपल्या काळ्या दणकट सायकलीच्या पुढच्या चाकात 32 आणि मागच्यात 40, मिळून 72 तारा. ई-टाइपच्या एकाच चाकात तेवढ्या, स्टेपनीसकट 360. श्रीमंती वाढली, शास्त्र तेच राहिलं. बैलगाडीचे लाकडी आरे दाबाखाली उभे राहून ओझं पेलतात, तारा मात्र ताणावर. एक ढिली पडली की तिचं ओझं शेजारणींवर जातं. एकत्र कुटुंबात एक भाऊ आळशी निघाला की बाकीच्यांचं होतं तसं. म्हणून आऊट, म्हणजे चाकाचा डोल, काढायची रीतही एकच. चाक फिरवायचं, डोलतं तिथे खडू लावायचा, एका बाजूच्या तारेचं निप्पल, म्हणजे टोकाची छोटी नट, पाव फेरा आवळायचं, पलीकडचं तेवढंच सैल सोडायचं. टिचकी मारल्यावर ताणलेली तार किणकिणते, ढिली भद्द वाजते. निप्पलबाहेर डोकावणारं तारेचं टोक कानशीनं घासायचं, नाहीतर ट्यूब गेलीच.

यावर कुणी म्हणेल, सायकलीचं चाक दोन नटांवर असतं, या गाड्यांचं मधल्या एकाच नटावर; ते सायकलवाल्याला काय कळणार? हरकत रास्त आहे. चाक हबच्या खाचांवर सरकवतात आणि दोन कानांची मोठी नट तांब्याच्या हातोड्यानं ठोकून बसवतात. जगात कान पिळून शिस्त लावतात, इथे कानावर हातोडा. डावीकडे सरळ आटे, उजवीकडे उलटे. बाजू चुकली तर नट चालत्या गाडीत सुटू शकते. पण खाचा झिजतात त्या मुख्यतः कोरड्या आणि सैल राहिल्यानं. मग गाडी निघताना, ब्रेक लावताना 'टक्' वाजते आणि हब-चाक दोन्ही बदलावी लागतात. उपाय एकच: वेळेवर वंगण आणि घट्ट नट. यातलं वंगण ज्या गावानं बैलगाड्या हाकल्या त्याला शिकवायला नको.

दुसरी हरकत अलॉयवाल्यांची: एवढा उपद्व्याप कशाला? अलॉयचं चाक धुवायला सोपं, ट्यूब नको, आऊट नाही. सगळं खरं. तरी बजाजनं 2025 मध्ये ट्रायम्फची स्क्रॅम्बलर 400 एक्ससी ही मोटरसायकल आणली ती तारांच्या चाकांवर, आणि अलॉयवाल्या बहिणीपेक्षा महाग. म्हणजे काळजी घ्यायला लावणाऱ्या वस्तूला आजही जास्त पैसे मोजले जातात. तेव्हा तुमच्या दारात अशी गाडी असेल, तर आऊट काढायला सायकलवाल्याला खुशाल बोलवा. मजुरी मात्र सायकलीच्या दरानं देऊ नका.