आपोआपवाला

हाताने काम करणं त्याला कमीपणाचं वाटतं. एखादं काम दुसऱ्यांदा करायची वेळ आली की तो म्हणतो, "पाइपलाइनमध्ये टाकू." नोकरी पुण्याच्या कंपनीत, खुर्ची आमच्या धानोऱ्यातल्या ओसरीवर. तो सांभाळतो ती वेबसाइट मात्र पुण्यातच राहते, कारण मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडचा 'मध्य भारत' विभाग पुण्यात आहे. भारताचा मध्य कुठे आहे हे पुणेकरांना पूर्वीपासून ठाऊक होतं. मायक्रोसॉफ्टला 2015 साली कळलं, एवढंच.

साइट सगळ्यांना दिसते. तिच्या पोटात न दिसणारी कामं चालतात, ती याची: भाव गोळा करणं, हिशेब जुळवणं, मेसेज पाठवणं. त्यांना वेबजॉब म्हणतात. कुणी ही कामं हाताने सर्व्हरवर चढवतो असं कानावर आलं तरी याला शहारे येतात. याच्याकडे कोड ढकलला की बिल्ड होते, 'ॲप_डेटा'मधल्या 'जॉब्स' फोल्डरात ही कामं जाऊन बसतात आणि साइटच्याच झिपमधून तिच्याबरोबर रवाना होतात. तेव्हा याचा चेहरा पोरीची पाठवणी निर्विघ्न पार पडलेल्या बापासारखा होतो.

पण नांदणं पुढे असतं. नंदुरबारच्या मिरचीचे भाव व्यापाऱ्यांना सकाळी 6 वाजता मिळावेत म्हणून त्याने वेळ लिहिली. वेगळं काही सांगितलं नाही तर अझूर जागतिक वेळ धरतं. भाव पोचले साडेअकराला. ते निस्तरलं, तर साइटच झोपली! 20 मिनिटं कुणी फिरकलं नाही की ती डोळे मिटते आणि जॉबलाही सोबत निजवते. त्यावर 'ऑल्वेज ऑन' हे औषध आहे, पण फुकटच्या प्लॅनमध्ये मिळत नाही. कंपनीने पैसे मोजले, वर गर्दीसाठी साइटच्या दोन प्रती केल्या. मग मेसेज पाठवणारा, सतत चालणारा जॉब दोन्हीकडे धावला आणि प्रत्येकाला भाव दोनदा गेला. एका व्यापाऱ्याने फोन केला, "यातला खरा कोणता?" आकडे दोन्हीकडे सारखेच होते.

मुलीकडच्यांनी विचारलं, "तुम्ही नक्की करता काय?"

"सगळं आपोआप होतं."

"मग तुम्ही?"

"झालं का, ते बघतो."

स्थळ अजून विचार करतंय.

घरात आबांना यातलं काही नवं वाटत नाही. त्यांच्या विहिरीवरच्या मोटारीला कित्येक वर्षांपासून ऑटो आहे. थ्री फेज लाइट आली की मोटार सुरू. महावितरण सारखं सांगतं की ऑटो काढा, लाइट येताच सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. त्यावर आपोआपवाल्याने आबांना 'रँडम डिले' समजावला: प्रत्येक मोटार थोडी मागेपुढे उठवायची. आबांनी तो बिडी संपेपर्यंत ऐकला.

फरक रात्री दिसतो. आबा ऑटो लावून घोरतात. हा 2 वाजता लॅपटॉपसमोर बसून हिरवी खूण उमटायची वाट पाहतो. परवा आबा पाणी प्यायला उठले.

"बठ्ठं आपोआप व्हस म्हणस ना? मंग झोपस काबर नही?"

"डिप्लॉयमेंट चालू आहे, आबा."

"जागाच शेस ना, मंग वावरमा जाईसन देखी ये, मोटार सुरू व्हयनी का."

"ऑटो आहे ना तिला!"

आबा तोवर गोधडीत शिरले होते. तो बॅटरी घेऊन निघाला, लॅपटॉप काखेत मारून.