कर्जत ते लोणावळे, मार्गे शयनगृह

घरातील छोट्या रेल्वेची उभारणी आराखडा, लाकडी बैठक, रूळ, वीजजोडणी आणि देखावा अशा क्रमाने होते, आणि आराखडेकर या नावाने ओळखता येईल अशा गृहस्थाने यांपैकी पहिल्याच पायरीवर कायमचा मुक्काम ठोकलेला असतो. हा गृहस्थ साधारणतः पन्नाशी ओलांडलेला, पुण्यात दोन शयनगृहांच्या सदनिकेत राहणारा आणि त्यांपैकी दहा बाय अकरा फुटांच्या एका खोलीवर डोळा ठेवून असलेला आढळतो. त्याच्या मालकीचे इंजिन एकच असून तेही खोक्यात असते. मोजपट्ट्या मात्र तीन असतात. कोथरूडमधील भाऊ जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून लोकांना धावत्या गाड्या दाखवत आले आहे, परंतु आराखडेकर तेथे गेला तरी गाडीकडे पाहत नाही. त्याचे लक्ष सांध्यांवर, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या जोडांवर, खिळलेले असते.

त्याची पहिली अडचण नैतिक स्वरूपाची असते. जगभर सर्वाधिक रुळलेले एचओ हे प्रमाण मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचे असून त्याच्या रुळांमधील अंतर, म्हणजेच गेज, १६.५ मिलिमीटर असते; ते परदेशी १४३५ मिलिमीटरच्या गेजशी जुळते, भारतीय ब्रॉडगेजच्या १६७६ शी जुळत नाही. हिशेबाने १९.३ मिलिमीटर हवेत आणि बाजारात मिळतात साडेसोळा, हे जवळजवळ तीन मिलिमीटरचे पाप पोटात घालून भारतीय गाडी चालवावी की नाही, या प्रश्नावर त्याची काही वर्षे सुखात जातात.

दुसरी अडचण भौगोलिक आहे, कारण आराखडेकराला मध्य रेल्वेचा बोरघाटच हवा असतो. कर्जत ते लोणावळे हे अंतर सुमारे २८ किलोमीटर आहे, म्हणजे एचओ प्रमाणात ते सव्वातीनशे मीटरच्या आसपास येते आणि सोसायटीचे फाटक ओलांडून शेजारच्या शाळेच्या मैदानात जाते. उंचीचा फरक सुमारे साडेपाचशे मीटर असल्याने कर्जत स्थानक शयनगृहात मांडल्यास लोणावळे सहा मीटरांहून अधिक वर, म्हणजे दोन मजले चढून एका परक्या कुटुंबाच्या स्वयंपाकघरात निघते. यावर या छंदातील मान्य उपाय निवडक संक्षेपाचा आहे, म्हणजे मूळ स्थळाची ओळख पटवणाऱ्या मोजक्या गोष्टी ठेवून बाकीचे गाळून टाकणे. पण घाटातील मूळ २५ बोगद्यांपैकी एकही गाळावासा वाटत नाही, आणि १ : ३७ हा चढ, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, सौम्य करणे त्याला इतिहासाशी प्रतारणा वाटते.

यातून सुटका करू शकेल अशी एक गोष्ट खुद्द घाटातच होती. १८६३ मध्ये हा घाटमार्ग खुला झाला तेव्हा खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होते: गाडी पुढे बंद असलेल्या रुळावर जाऊन थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडले जाई आणि गाडी उलट दिशेने वरच्या मार्गाला लागे. डोंगराने वळायला जागा दिली नाही म्हणून अभियंत्यांनी योजलेली ही युक्ती, लांब डब्यांना त्यांच्या लांबीच्या अडीच-तीनपट त्रिज्येचे वळण लागते हे जाणणाऱ्या आणि तेवढी भिंत नसलेल्या माणसाला वरदानच ठरावी. दुर्दैव असे की हे स्थानक १९२९ मध्ये बंद झाले आणि याच घाटातून पुणे-मुंबई धावणारी डेक्कन क्वीन १९३० मध्ये सुरू झाली. एका वर्षाने हुकलेली ही गाठ आराखडेकराला व्यक्तिगत अन्याय वाटते; स्थानक ठेवावे तर राणी नाही, आणि पुणेकर असून राणी सोडावी तर समाजात तोंड दाखवायला जागा नाही. ते स्थानक आणखी बारा महिने चालवले असते तर रेल्वेचे काय बिघडले असते, हे तो पाहुण्यांना विचारतो.

वीजजोडणीचा प्रश्न कागदावरही सुटत नाही. दोन रुळांतून वीज खेळवणाऱ्या पद्धतीत गाडी वळसा घेऊन त्याच मार्गावर परतली की डावा रूळ उजव्याला जाऊन भिडतो आणि शॉर्ट सर्किट होते. ते टाळण्यासाठी वळशाचा तुकडा विजेच्या दृष्टीने वेगळा काढावा लागतो. हे तत्त्व आराखडेकर पत्नीला जेवणाच्या ताटावर चमचे मांडून समजावतो आणि तिचा प्रतिसाद बहुधा "अहो, पण पाहुणे आले की गाद्या कुठे घालायच्या?" असा असतो. वस्तुतः संपूर्ण आराखड्याची इतकी नेमकी चिकित्सा दुसऱ्या कोणी केलेली नसते. गाद्यांसाठी बैठक घडीची केली की ती दारात आडवी येते, दारात आली की खोलीत वाकून शिरावे लागते, आणि आराखडेकराच्या कमरेला डॉक्टरांनी वाकण्याची मनाई केलेली असते.

अलीकडे सोसायटीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू झाल्यापासून जुने सर्व आराखडे त्याने रद्द केले आहेत. इतर सभासद वाढीव चटईक्षेत्र आणि दोन गाड्यांची जागा यांसाठी भांडत असताना, एका शयनगृहाचे दार बाहेरच्या बाजूला उघडावे एवढीच मागणी त्याने लेखी दिली. ती सभेच्या इतिवृत्तात नोंदली गेली आहे, आणि सचिवांनी तिच्यापुढे कंसात "वास्तुशास्त्र" असे लिहिले आहे.