कळवतो!

भाचा डिप्लोमा मेकॅनिकल आहे. वय तेवीस. सकाळी साडेसातला सातपूरला पपया नर्सरीपाशी प्लास्टिकची फाइल काखेत मारून उभा असतो. मध्यंतरी त्याला घेऊन गंगापूर रोडला एका कार्यशाळेला गेलो. विषय: नोकरी शोधताना भावनिक बुद्धिमत्ता. फी पाचशे, चहा धरून.

वक्ते म्हणाले, नुसत्या मार्कांनी भागत नाही. समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखता आलं पाहिजे. सॅलोव्ही आणि मेयर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये ही कल्पना मांडली आणि १९९५ मध्ये डॅनियल गोलमनच्या पुस्तकाने ती घरोघर पोचवली, असंही सांगितलं. भाच्याने लिहून घेतलं. मी चहा घेतला.

आमच्या नाशकात एकेकाळी पोरगा 'प्रेसला लागला' किंवा 'मायकोत लागला' की दुसऱ्या दिवशी स्थळं सुरू व्हायची. त्याच्या भावनांची चौकशी मुलीकडचेसुद्धा करत नसत. पुढे २००८ मध्ये मायकोची बॉश झाली, चौक मात्र अजून मायको सर्कलच आहे. 'पर्मनंट' या शब्दाचंही तसंच झालंय. तोंडात आहे, गेटच्या आत फारसा दिसत नाही. आत सगळे ट्रेनी, नाहीतर ठेकेदाराचे.

सरकारलाही पोरांची कणव आलीच. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना निघाली. बारावीवाल्याला महिना सहा हजार, आयटीआय-डिप्लोमाला आठ, पदवीधराला दहा. सहा महिन्यांचे पुढे अकरा झाले. आठवाल्यांत भाचाही होता. बाराव्या महिन्यात मन शांत कसं ठेवायचं, ते मात्र प्रशिक्षणात नव्हतं.

तर कार्यशाळेनंतर आठवड्यात मुलाखत आली. कंपनीचं नाव सांगत नाही, पोराला अजून त्याच रस्त्यावर फिरायचंय. बोलावलं दहाला, आत घेतलं सव्वाला. समोर एचआरचे साहेब. एक डोळा मोबाइलवर, दुसरा टेबलावरच्या डब्यावर. डब्याचं वरचं झाकण अर्धं उघडलेलं, खोलीभर मेथीचा वास.

"तुमचा वीकनेस काय?"

याचं उत्तर 'मी जरा परफेक्शनिस्ट आहे' असं द्यायचं असतं. सगळ्या सातपूर-अंबडमध्ये हेच उत्तर चालतं. खोटं आहे हे दोघांनाही ठाऊक असतं. पण भाच्याच्या डोक्यात पाचशे रुपये होते. त्याने समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखलं. म्हणाला, "सर, तुम्ही आधी जेवून घ्या. मी बाहेर थांबतो."

साहेबांनी झाकण दाबून बसवलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. उलटं वाचायची सवय शाळेपासूनची, त्यामुळे भाच्याला दिसलं: 'आत्मविश्वास कमी'.

मग विचारलं, "प्रेशर हँडल करता येतं का?" सव्वातीन तास पाण्याविना बाकड्यावर बसलेल्या पोराला! तो "हो" म्हणाला. पगाराची अपेक्षा विचारली. त्याने आकडा सांगितला, तेव्हा साहेब हसले. दुसऱ्याच्या भावना ओळखायचा अभ्यास फक्त अर्जदारालाच लावलेला दिसतो. खुर्चीला त्यात सूट आहे. शेवटी उठता उठता ते म्हणाले, "कळवतो."

हा शब्द आमच्या औद्योगिक वसाहतीचा खरा शोध आहे. नाही म्हणायला तोंड दुखतं, हो म्हणायला साहेबांचा साहेब लागतो. कळवतो म्हटलं की दोघंही सुटले. यात फोन कोणी करायचा, कधी करायचा, काहीच येत नाही. पोर पंधरा दिवस मोबाइल आंघोळीला नेतं, बँकेच्या कर्जवाल्या बाईलाही "यस मॅडम" म्हणतं.

गेटवर वॉचमनने पास परत घेतला. रजिस्टरमध्ये वेळ टाकताना म्हणाला, "भाऊ, ही जागा दिवाळीपासून निघतेय. दर महिन्याला तुझ्यासारखे दहा-बारा येऊन जातात." आणि टेबलाखालची बाटली पुढे केली. भाचा अर्धी प्यायला.

त्या गोष्टीला आज एकविसावा दिवस. काल रात्री ताईने स्वयंपाकघरातून हाक मारली, "अरे, भाकऱ्या किती टाकू तुला?"

मोबाइलवरून नजर न काढता भाचा म्हणाला, "कळवतो."