धुऱ्यावरची चाल

डिसेंबर लागला की गोंदियाचा माणूस पेपर उघडून राशिभविष्याच्या आधी किमान तापमान बघतो. विदर्भाच्या तक्त्यात सर्वांत कमी आकडा आपला असला, की चहाच्या टपरीवर लोक अशा ऐटीत हात चोळतात, की पारा त्यांनीच रात्रभर खपून खाली आणलाय. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूर ३.५ अंशांवर उतरलं आणि तिथला विक्रम झाला. ही गोष्ट आमच्याकडे काही जणांनी अजून मनाला लावून घेतली आहे.

आता इतकी थंडी मिरवतो खरी, पण बर्फ आम्ही पाहणार तो मासळीबाजारातल्या लादीत, नाहीतर गारपिटीत. उरलेल्या महाराष्ट्राचीही गत फार वेगळी नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं, की लोक पहाटे उठून ते गाडीच्या टपावरून खरवडतात आणि फोटो काढेपर्यंत ते विरघळतं.

बर्फाच्या बाबतीत खरी अक्कल पट्टकदंब हंसांना. हिवाळा आला की ते मध्य आशियातली गोठणारी तळी सोडतात आणि हिमालय ओलांडून आपल्याकडे उतरतात, तेही फुकट. आम्ही नवराबायको नेमके त्याच मोसमात, भरपूर पैसे मोजून, उलट्या दिशेनं निघालो. लेक शिकागोला, नातवाचा वाढदिवस जानेवारीत. त्याला काय करणार!

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी अर्जुनी मोरगावहून मेहुण्याचा फोन. "किती आहे तिकडं?" म्हटलं, उणे अठरा. "ते उनेबिने सोडा भाऊजी, इकडं आठवर आलं. कान वाजून राह्यले!" उणे आकड्याला आमच्याकडे कोणी मोजतच नाही. ३० जानेवारी २०१९ ला शिकागो उणे ३० च्या खाली गेलं होतं, हे त्याला सांगायचं मी टाळलं.

जावईबापू मूळचे पुण्याचे, त्यामुळे बाहेर पडण्यापूर्वी व्याख्यान झालं. ताजा, भुसभुशीत बर्फ गरीब असतो. घात करतो तो दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठलेला. त्याला म्हणतात काळा बर्फ, पण असतो काचेसारखा नितळ, म्हणून खालचा डांबरी रस्ताच दिसतो आणि माणूस बिनधास्त पाय टाकतो. बर्फाच्या अंगावर पाण्याचा पातळ थर असतो, हे मायकेल फॅरडेनं १८५० मध्येच सुचवलं होतं. मीठ टाकलं की बर्फ वितळतो, पण पारा उणे १० च्या खाली गेला की साध्या मिठाचं फारसं चालत नाही, मग वाळू टाकायची. हात खिशाबाहेर, पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले, वजन पुढच्या पायावर. "थोडक्यात, पेंग्विनसारखं चालायचं," म्हणत जावईबापूंनी दिवाणखान्यात दोन फेऱ्या मारून दाखवल्या. तिकडे अशी चित्रंही लावतात म्हणे.

हिनं सगळं ऐकून घेतलं आणि लेकीला हळूच विचारलं, "यांच्या घरी धानाची शेती नाही ना?"

ही आमची बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, वाढलेली. रोवणीच्या दिवसांत, वरून पाऊस, डोक्यावर पऱ्ह्यांच्या पेंढ्या, खाली वीतभर रुंदीचा शेवाळलेला धुरा, म्हणजे दोन बांध्यांमधला बांध, आणि दोन्ही बाजूंना गुडघाभर गाळ. तिथं जी बाई तोल सांभाळून, वर शेजारणीशी भांडत पलीकडे जाते, तिला दक्षिण ध्रुवाकडच्या पक्ष्यानं काय शिकवायचं? बाहेर पडलो. ही पुढे, साडीवर गुडघ्याखाली येणारा लेकीचा कोट, पाय अख्खे टेकवत, न सरकवता, न उचलता, दोन्हींच्या मधलं काहीतरी करत. मी तिच्या पावलावर पाऊल ठेवून. लग्नानंतर इतक्या निष्ठेनं पहिल्यांदाच. जावईबापू महागड्या बुटांत मागून सूचना देत होते आणि सूचना मध्येच थांबली. वळून पाहिलं तर ते आडवे. "टाच आधी टेकवली तुमी," ही म्हणाली. "धुऱ्यावर टाच टेकवली का मानूस बांधीत."

मुका मार होता. पण त्यांनी ती चाल त्याच दुपारी अंगणात शिकून घेतली.

फावड्याचं प्रकरण लवकर आटोपलं. अंगणातला बर्फ काढायला मी उत्साहानं पुढे झालो, तर लेकीनं फावडं काढूनच घेतलं. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात, त्यात ओला बर्फ वजनाला भारी, आणि दर हिवाळ्यात माणसं फावडं हातात असतानाच हृदयविकारानं कोसळतात. उचलायचा नाही, ढकलायचा, आणि साठी उलटलेल्यांनी तेही नाही. वाळू संपली होती. ही म्हणाली, आपल्या राईस मिलचा भुसा असता तर! गोंदियात भुशाचे डोंगर पडलेत आणि इथं माणसं घसरून राह्यली.

घोटाळा झाला तो खुर्चीचा. गाडीपुरती जागा फावड्यानं मोकळी केली, की शिकागोकर तिथे मोडकी खुर्ची, इस्त्रीचं टेबल, काहीही ठेवून कामावर जातात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा, तसं. १९६७ च्या जानेवारीत तिथे दोन दिवसांत २३ इंच बर्फ पडला, तेव्हापासून हे चालत आल्याचं सांगतात. कायद्यात बसत नाही, पण ती खुर्ची हलवणाऱ्याची खैर नसते. हे आम्हाला सांगायचं राहून गेलं होतं.

संध्याकाळी जावईबापू घरी आले, तर हीटरजवळ एक लाकडी खुर्ची, पुसून लख्ख, आणि तीवर ही लसूण सोलत बसलेली. "रस्त्यात फेकून देली होती. चांगली शिसवी दिसते."

त्यांचा चेहराच उतरला. शेजाऱ्याची गाडी यायला पंधरा मिनिटं होती. खुर्ची डोक्यावर घेऊन ते अंधारात निघाले आणि हिनं त्या थंडीत खिडकी उघडून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "जावईबापू, टाच नोका टेकवू!"