जेवणावरच्या चहास अनावृत पत्र

श्रीयुत चहाराव यांस,

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपल्या कर्तबगारीचं व्हावं तेवढं कौतुक झालेलं नाही. घरातल्या बाईचं हिमोग्लोबिन नऊ आलं की खापर फुटतं ते तिच्या न खाल्लेल्या पालकावर. मग बीट येतं, खजूर येतो, टॉनिकची बाटली येते. सासूबाई म्हणतात, तिची अंगकाठीच तशी. ताटाशेजारी वाफाळत बसलेल्या आपल्याकडे मात्र कुणी बोट दाखवत नाही. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हात मारायचा आणि वर 'तरतरी आणणारा' म्हणून मिरवायचं, ही कला साध्यासुध्या खिसेकापूला जमायची नाही.

आपल्यावर एकदा बालंट आलं होतं, ते आठवत असेलच. 1890 साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये आपण पाहुण्यांपुढे आलात आणि रानडे-टिळकांसारख्या मंडळींवर ग्रामण्य उभं राहिलं, वाळीत टाकायची भाषा झाली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. पण चौकशी झाली ती कप कुणाच्या घरचा याची. कपात काय आहे, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. आपण सहीसलामत सुटलात आणि पुढे त्याच पुण्यात कोपऱ्याकोपऱ्यावर दुकानं थाटलीत!

आपली कामाची पद्धत मात्र मानली पाहिजे. धान्य, डाळी, पालेभाज्या यांतलं लोह आतड्यात मुळातच थोडं शोषलं जातं. मांसमासळीतल्या लोहाचा बराच भाग वेगळ्या रूपात असतो, तो आपल्याला फारशी दाद देत नाही. म्हणून आपण गिऱ्हाईक निवडता ते शाकाहारी ताटातलं. बाजरीची भाकरी आणि चवळीची भाजी पोटात पोचते न पोचते तोच आपल्यातली टॅनिनसारखी द्रव्यं तिथलं लोह धरून बसतात आणि ते अंगी न लागता बाहेर जातं. 1983 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात जेवणाबरोबर एक कप कॉफी घेतल्यावर लोहाचं शोषण 39 टक्क्यांनी घटलं, चहा घेतल्यावर 64 टक्क्यांनी. जेवण होतं बर्गरचं. आमच्या वरणभाताला तर मांसाचाही आधार नाही. आणि 'आम्ही दुधाचा घेतो हो' म्हणणाऱ्यांनी खुश होऊ नये, दुधाने आपल्या या उद्योगात काही फरक पडत नाही.

कांदेपोह्यांवर आपण करता तो अन्याय तर मला बघवत नाही. कुणा शहाण्या आजीने पोह्यांवर लिंबू पिळायची पद्धत पाडली. लिंबातलं क जीवनसत्त्व धान्यातलं लोह शोषलं जाईल अशा रूपात आणतं. पेरू, आवळा, कोशिंबिरीवरचं लिंबू, सगळी त्याच कामाची माणसं. म्हणजे बशीत एवढा चोख बंदोबस्त झालेला असतो, आणि तेवढ्यात 'चहा ठेवू ना?' म्हणून आपली स्वारी येते. मुलगी बघायच्या कार्यक्रमात तर ती बशी आणि तो कप एकाच ट्रेमधून येतात.

पण आपला खरा पराक्रम बाईमाणसांवरच चालतो. पुरुषांच्या आहारात आपण काही कमी नसता, पण पाळी आणि बाळंतपणं त्यांच्या वाट्याला नसतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीत पुरुषाला दिवसाला 19 मिलिग्रॅम लोह आणि बाईला 29. ज्याला जास्त हवं त्याच्या ताटात सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी, ही आमच्याकडची जुनी रीत. सकाळी डबे भरून होईपर्यंत तिच्या पोटात आपण दोनदा जाऊन आलेले असता. मग चहा-चपाती, नाहीतर चहा-खारी, यालाच न्याहारी म्हणायचं. भूक मारायची आणि उरलंसुरलं लोहही न्यायचं, एका कपात दोन्ही कामं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 48 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. त्यापुढच्या, 2019-21 च्या पाहणीत तो आकडा 54 झाला.

सरकारही कामाला लागलं आहे. शाळेतल्या किशोरवयीन मुलामुलींना आठवड्याला निळी गोळी, गरोदर बाईला रोज तांबडी, त्या गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक ॲसिड. आशाताई दारोदार फिरून त्या देतात. मळमळतं, तोंडाची चव जाते, म्हणून बाई गोळी कशाबरोबर गिळते? आपल्याबरोबर! इथे तर आपल्याला हात मारायलाही लागत नाही, माल घरपोच मिळतो.

आता आपला वकील उठेल आणि म्हणेल, सगळं पाप माझ्याच अशिलावर का? बरोबर आहे. पाळीतला जादा रक्तस्राव आहे, जंत आहेत. विदर्भ आणि नंदुरबारकडे सिकलसेल आहे, त्याचं निदान रक्त तपासूनच व्हायला हवं. काहींना ब12 कमी पडतं, ते भाज्यांत मिळतच नाही. दूधदुभतं, अंडी, मासे, मटण यांत मिळतं, आणि दूधही बेताचं घेणाऱ्या शाकाहारी माणसाला डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी लागते. एवढे साथीदार असताना एकट्या आपल्याला फाशी देणं न्यायाला धरून होणार नाही. शिवाय आपल्याला फाशी दिली तर या राज्यातली कचेऱ्यांची कामं दुपारी चारनंतर बंद पडतील. (तशी ती आताही फार चालतात अशातला भाग नाही.)

तेव्हा शिक्षा सौम्य आहे, तडीपारीची. जेवणाआधी एक तास आणि जेवणानंतर एक तास ताटाच्या हद्दीत आपण दिसायचं नाही. न्याहारीलाही हाच नियम. लोहाची गोळी चालू असलेल्या घरात गोळीच्या आसपास फिरकायचं नाही, ती लिंबूपाण्याबरोबर घेतली जाईल. बाकी वेळ आपला.

आणि हे पत्र वाचणाऱ्या घरातल्या पुरुषांनो, रात्रीच्या जेवणावर हात धुताधुता 'जरा अर्धा कप टाक गं' म्हणायचं बंद करा. तुम्ही सांगितलात की ती स्वतःसाठीही अर्धा कप टाकते.

कळावे,
चार वाजता आपली वाट बघणारी,
एक चहाबाज